लाकडी शिडाच्या यॉटची डागडुजी: मुंबईच्या दारूखाना भागातले मिस्त्री

काम चोख. सागवानी फळ्यांच्या फटीतला जुना कापूस पूर्ण उकरून, फट सुकवून मगच कापसाची नवी वात ठोकतात, वर लांबी (पुट्टी) भरतात. ठोकाही बेताचा: वात फार गच्च बसली तर पाण्यात फुगणाऱ्या फळीला जागा उरत नाही आणि खिळे उपसतात. तांब्याच्या खिळ्यांना लोखंडी खिळ्यांची जोड देत नाहीत, हे फार मोलाचं; खाऱ्या पाण्यात तांब्याला लागून असलेलं लोखंड आधी गंजतं.

तळाचा किडीविरोधी रंग मात्र एकच हात देतात. दुसरा मागून घ्याच, नाहीतर सागरी किडा आतून लाकूड पोखरतो. पावसाळ्यानंतर बोट उधाणाच्या भरतीला उतरवा. पहिले एक-दोन दिवस पाणी झिरपणारच, फळ्या फुगल्या की थांबतं. तोवर पंप बोटीवरच ठेवा.