मेसन कॅशचं पुडिंग बेसिन: स्पॉटेड डिक करायचं असेल तर आधी हे घ्या

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मैत्रिणी विचारतात, स्पॉटेड डिकसारखं, म्हणजे मनुका घातलेलं, वाफेवरचं पुडिंग करायचं तर इलेक्ट्रिक स्टीमर घ्यावा का? मी सांगते, स्टीमर नको. घट्ट झाकणाचं कुठलंही खोल पातेलं चालतं. खर्च करायचाच तर तो चिनी मातीच्या बेसिनवर, म्हणजे पुडिंग वाफवायच्या खोलगट भांड्यावर करा. माझ्याकडे मेसन कॅश या कंपनीचं पांढरं, 36 नंबरचं आहे. तोंडाशी 16 सेंमी रुंद, आत साधारण 900 मिली मावतं, म्हणजे चार-पाच जणांची सोय. नंबर बघून घ्या, कारण इथे हिशेब उलटा आहे. आकडा वाढतो तसं बेसिन लहान होत जातं. 42 मागवलंत तर ते जेमतेम दोघांचं.

या भांड्याची खरी करामत त्याच्या काठात आहे. तोंडाभोवती एक जाड पट्टी बाहेर आलेली असते. पुडिंगवर बटर पेपर आणि त्यावर फॉइल टाकायचा, दोन्हींना मध्ये एक चुणी घालायची, म्हणजे पुडिंग फुगताना कागदाला वर यायला जागा मिळते. मग पट्टीच्या बरोबर खाली सुती दोरीचे दोन वेढे घेऊन गाठ मारायची. दोरी वर सरकू शकत नाही, कारण पट्टी तिला अडवते. त्याच दोरीचं एक टोक वरून पलीकडे नेऊन बांधलं की उचलायला कडी तयार. उकळत्या पाण्यातून जड, गरम भांडं बाहेर काढताना ही कडी किती मोलाची आहे ते करून बघितल्यावर कळतं. मला हे बांधणं शेजारच्या आजींनी शिकवलं. गाठ मारताना त्या मला दोरीवर बोट ठेवायला लावत.

आधी माझ्याकडे झाकणाचं प्लास्टिक बेसिन होतं. हलकं होतं, सोयीचं होतं, पण वाफेने झाकण सैल झालं, पाणी आत गेलं आणि वरचा थर लगदा झाला. स्टीलचं भांडं पटकन तापतं, त्यामुळे मधला भाग शिजेपर्यंत कडा कोरड्या पडतात. जाड मातीचं भांडं सावकाश तापतं आणि सगळीकडून सारखं शिजवतं. शिवाय टेबलावर आणल्यावर बराच वेळ गरम राहतं.

मेसन कॅश हे नाव डर्बीशायरमधल्या चर्च ग्रेस्ली गावचं. तिथे कुंभारकाम फार जुनं. 1901 मध्ये टॉम कॅश यांनी तिथला मेसन यांचा कारखाना घेतला आणि दोन आडनावं जोडली गेली. त्याही आधी, बेसिन घरोघरी पोचण्यापूर्वी, पुडिंग पीठ लावलेल्या कापडात बांधून थेट पाण्यात उकळत. ते गोल व्हायचं आणि त्यावर जाडसर साल यायची. बेसिनमधून उलटं काढलेलं पुडिंग वर निमुळतं, खाली रुंद असं दिमाखात उभं राहतं.

आता स्पॉटेड डिककडे येते, कारण हे बेसिन मी सर्वांत जास्त त्यासाठीच वापरते. यात अंडं नसतं. आपल्या लोकांना हे कुणी आवर्जून सांगत नाही, म्हणून मी सांगते. पारंपरिक कृतीत सूएट लागतं, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी. पूर्वी ती घरी किसत. 1893 मध्ये मँचेस्टरला गॅब्रिएल ह्यूगॉन यांनी ॲटोरा नावाने ती किसून विकायला सुरुवात केली. आज त्याच नावाचं पाम तेलापासून केलेलं शाकाहारी सूएटही मिळतं. सासूबाई आमच्यात जेवतात, त्यामुळे आमच्या घरी तेच येतं.

सूएटच्या जागी लोणी घालू नका. लोणी लवकर वितळून पिठात मुरतं आणि पुडिंग केकसारखं दाट होतं. सूएटचे कण उशिरा वितळतात. तोवर भोवतीचं पीठ धरू लागलेलं असतं, मग कण वितळले की तिथे बारीक पोकळ्या राहतात. पुडिंगचा हलकेपणा या पोकळ्यांत आहे.

माझं प्रमाण असं: 175 ग्रॅम सेल्फ-रेझिंग मैदा, 85 ग्रॅम सूएट, 60 ग्रॅम साखर, 120 ग्रॅम करंट, चिमूटभर मीठ, एका लिंबाची किसलेली पिवळी साल आणि साधारण 120 मिली दूध. भारतात सेल्फ-रेझिंग मैदा सहज मिळत नाही, तेव्हा साध्या मैद्यात चहाच्या चमच्याने सव्वादोन चमचे बेकिंग पावडर चाळून घ्या. करंट म्हणजे बारीक काळ्या द्राक्षांच्या मनुका, आंबटगोड. सांगलीचे बेदाणे मला जिवापाड आवडतात, पण या पुडिंगात ते फार गोड होतात. त्यापेक्षा काळ्या मनुका बारीक चिरून घाला. पीठ चमच्यातून जडपणे पडेल इतकंच सैल करा, फेटत बसू नका. बेसिनला आतून लोणी लावा, तळाला कागदाची चकती ठेवा आणि वर दोन-तीन सेंमी जागा सोडा.

पातेल्याच्या तळाशी बशी उपडी ठेवून त्यावर बेसिन ठेवायचं. उकळतं पाणी निम्म्या उंचीपर्यंत ओतायचं, झाकण लावून दीड तास मंद उकळी ठेवायची. मी आपला भारतीय कुकरच वापरते, शिटी काढून. मधे पाणी घालावं लागलं तर उकळतंच घाला. तापलेल्या मातीच्या भांड्यावर गार पाणी पडलं तर ते तडकू शकतं. मोदकांना पंधरा मिनिटं वाफ देणाऱ्या आपल्या हातांना दीड तास खूप वाटतो, पण पाण्याकडे अधूनमधून बघण्यापलीकडे यात काही काम नाही.

सोबत कस्टर्ड हवंच. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी 1837 मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर बनवली, कारण त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. फ्रूट कस्टर्डसाठी आपण वापरतो ती पावडर त्याच वळणाची. पण इथे ते पातळसर करा आणि कढत ओता. गार कस्टर्ड या पुडिंगवर अजिबात शोभत नाही.

बेसिनबद्दल दोन गोष्टी लक्षात घ्या. ते जड आहे आणि त्याला झाकण नाही, त्यामुळे दर वेळी कागद आणि दोरीचा खटाटोप आहेच. ज्यांची बोटं आखडतात त्यांना गाठीसाठी सोबत कुणीतरी लागेल. किंमत मला दहा पौंडांच्या आसपास पडली आणि ती वसूल झाली. भारतातून मागवण्याइतकी गरज नाही, वजनामुळे पाठवणी महाग पडेल. तिथे तळाशी निमुळतं आणि काठ बाहेर वळलेलं जाड भांडं शोधा. सरळ उभ्या डब्यातून पुडिंग अखंड निघणं कठीण.

ख्रिसमस पुडिंग करायचं असेल तर 36 लहान पडेल, 24 घ्या. ॲडव्हेंटच्या, म्हणजे ख्रिसमसपूर्वीच्या साधारण चार आठवड्यांच्या काळाच्या, आधीच्या रविवारी, ज्याला इथे स्टर-अप संडे म्हणतात, ते कालवून सहा-आठ तास वाफवतात, गार जागी मुरत ठेवतात आणि सणाच्या दिवशी पुन्हा वाफवून वाढतात. त्यामुळे ते बेसिन महिनाभर अडकून राहतं. म्हणून माझ्याकडे दोन आहेत.