विसण घालू का?

तोक्योतल्या निशी-कासाई स्टेशनच्या मागच्या गल्ल्यांत, आमच्या घरापासून सायकलने सहा मिनिटांवर एक जुनं सेंतो आहे. सेंतो म्हणजे पैसे देऊन अंघोळ करायची गल्लीतली न्हाणी. नाव देत नाही, कारण चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या आहेत आणि पर्यटकांची गर्दी त्यांना झेपणार नाही. पण तोक्योत राहणाऱ्या आपल्या बायकांनी आपापल्या भागातलं सेंतो शोधून काढावं, असं मला मनापासून वाटतं.

मी स्वतः सहा वर्षं गेले नव्हते. परक्या बायकांसमोर सगळे कपडे उतरवायचे, या विचारानेच पाय मागे यायचा. मग ऐन जानेवारीत घरातला गीझर बंद पडला. दुरुस्तीवाला चार दिवसांनी येणार होता.

दारावर निळा पडदा, त्यावर एकच अक्षर: 'यु', म्हणजे गरम पाणी. चपला लाकडी खणात ठेवायच्या, त्याच्या कुलपाची लाकडी पट्टी हीच किल्ली. गल्ल्यावर 550 येन. हा आकडा मालकीणबाईंनी ठरवलेला नाही. 1946 च्या दरनियंत्रण हुकुमाखाली तोक्योचं प्रशासन कमाल दर ठरवतं, कारण तेव्हा असंख्य घरांत न्हाणीघरच नव्हतं आणि अंघोळ तर सगळ्यांना परवडायला हवी. 1968 च्या सुमारास शहरात अडीच हजारांवर सेंतो होती, आता पाचशेही उरलेली नाहीत. म्हणून तर लिहिते आहे.

आत गेल्यावर पहिल्या दिवशी दोघींनी वळून पाहिलं आणि पुन्हा आपले केस धुवायला लागल्या. एवढंच. भिंतीशी नळांची रांग, प्रत्येक नळापुढे बुटकं स्टूल आणि पिवळं प्लॅस्टिकचं तसराळं. त्याच्या तळाशी 'केरोरिन' अशी अक्षरं असतात, ती एका वेदनाशामक औषधाची 1963 पासूनची जाहिरात. त्या स्टुलावर बसून पहिलं तसराळं अंगावर ओतलं आणि मला वाईची आजीची न्हाणी आठवली. पाट, बंब, तांब्या, काळा दगड. शॉवरखाली उभं राहून इतकी वर्षं अंघोळ केली, पण बसून केलेली अंघोळ वेगळीच. इथे अंग साबणाने स्वच्छ घासून, फेस पूर्ण धुऊन मगच हौदात उतरायचं. केस वर बांधायचे, पंचा पाण्यात बुडवायचा नाही. ज्या घरात पारोशाने देवघरात जायची मनाई होती, तिथे वाढलेल्या मला हे नियम शिकवावे लागले नाहीत.

हौदातलं पाणी मात्र फार कढत, 43 अंशांच्या वर. मी पाय घातला आणि काढला. बाजूला थंड पाण्याचा नळ होता, मी हात पुढे केला, तेवढ्यात आतल्या आजी म्हणाल्या, आधी विचारायचं असतं. रागावून नव्हे, समजावून. आणि त्यांनी शब्द दिला: 'उमेरु'. कढत पाण्यात थंड घालून ते सोसवेल असं करणं. म्हणजे विसण! ऑफिसातल्या जपानीत इतक्या वर्षांत हा शब्द मला कुणी दिला नव्हता. 'उमेतेमो ई देस का?' विसण घालू का? एवढं विचारलं की सगळ्या मान हलवतात, आणि मग बोलायलाही लागतात. आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये वाकून नमस्कार होतो, पुढे शब्द नाही. हौदात मात्र मला कांदा कुठे स्वस्त मिळतो इथपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं कळलं.

5 मेला हौदात शोबुची पानं असतात. शोबु म्हणजे आपलं वेखंड. बाळंतिणीच्या खोलीतला वास तोक्योत पाण्यातून आला तेव्हा मी बराच वेळ बाहेर निघाले नाही. डिसेंबरात सर्वांत लहान दिवशी लिंबासारखी युझु फळं तरंगतात. त्या दिवशी अवश्य जा.

उणिवा आहेत. साबण-शॅम्पू आपला न्यावा लागतो. कपडे बदलायची खोली अरुंद आहे, आठ जणी झाल्या की कोपर लागतं. केस वाळवायच्या यंत्रात तीन मिनिटांना 20 येन टाकावे लागतात आणि लांब केसांना तीन मिनिटं पुरत नाहीत. एका छोट्या हौदात सौम्य वीज सोडलेली असते. पेसमेकर असलेल्यांनी त्यात उतरू नये. दुपारी साडेतीनला उघडतं, गुरुवारी बंद. साडेतीनला गेलात तर पाणी सर्वांत स्वच्छ, पण सर्वांत कढतही.

गेल्या आठवड्यात हौदात मी एकटीच होते. एक तरुण मुलगी आली, पाय घातला, दचकून काढला. नळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाली, "उमेतेमो ई देस का?"

"दोउझो," मी म्हटलं आणि तिला जागा करून दिली.