जीसीसीच्या वॉर्निंग्ज: रोज वापरणारीचा रिव्ह्यू

जीसीसी म्हणजे आपण सी किंवा सी++ मध्ये लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम करून देणारा कंपायलर. त्याच्याबद्दल लोक बोलतात ते बहुतेक स्पीडबद्दल, कोड किती फास्ट पळतो, बिल्ड, म्हणजे अख्ख्या कोडचा प्रोग्रॅम बनवणं, किती वेळात होतो वगैरे. मला आज फक्त त्याच्या वॉर्निंग्जबद्दल, म्हणजे कोडमध्ये काही शंकास्पद दिसलं की तो देतो त्या इशाऱ्यांबद्दल लिहायचंय, कारण सी आणि सी++ मध्ये काम करताना दिवसभर डोळ्यासमोर असतात त्या ह्याच, आणि एवढी वर्षं वापरून माझं मत असं झालंय की हा कंपायलर सांगतो खूप चांगलं पण त्याच्याकडून ऐकून कसं घ्यायचं हे शिकावं लागतं.

आधी एक प्रसंग सांगते. एका जुन्या प्रोजेक्टवर आमचा पूर्ण बिल्ड मारला की चारशेच्या वर वॉर्निंग्ज यायच्या. नवीन कुणी जॉइन झालं आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं, ते नेहमीचंच आहे, लक्ष देऊ नको. मग एकदा रिलीज बिल्डमध्ये कनेक्शन रिट्राय करणारा कोड मधूनच वेड्यासारखा वागायला लागला, कधी एकदाही रिट्राय नाही, कधी थांबायलाच तयार नाही, आणि डीबग बिल्डमध्ये मात्र सगळं सुरळीत. तीन जण तीन दिवस त्याच्या मागे. शेवटी सापडलं काय, तर रिट्राय काउंटचा व्हेरिएबल, त्याला इफच्या दोन फांद्यांमध्ये व्हॅल्यू दिलेली आणि तिसऱ्या वाटेने गेलं की तो तसाच रिकामा, म्हणजे मेमरीत जे काही पडलेलं असेल ते. मी नंतर बिल्ड सर्व्हरचा जुना लॉग उघडून शोधलं तर ती ओळ तिथे होती, फाइलचं नाव, लाइन नंबर, व्हेरिएबलचं नाव, ‘मे बी यूज्ड अनइनिशियलाइज्ड’. कित्येक महिने रोज सांगत होता. चारशे वेळा लांडगा आला रे झाल्यावर खरा लांडगा कुणी बघितलाच नाही, आणि ह्यात दोष कंपायलरचा नव्हता, आमचा होता.

ह्यातली एक गोष्ट नीट समजून घ्या, पुष्कळ जणांना माहीत नसते. ‘मेबी-अनइनिशियलाइज्ड’ ही वॉर्निंग ऑप्टिमायझेशन (कोड फास्ट पळावा म्हणून कंपायलर करतो ते फेरफार) चालू असल्याशिवाय येत नाही, कारण व्हॅल्यू कुठल्या वाटेने कुठे जाते हा हिशोब कंपायलर ऑप्टिमाइझ करताना मांडतो. म्हणजे आपल्या मशीनवर ओ-झिरोने, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, डीबग बिल्ड करणाऱ्याला ती कधी दिसणारच नाही, दिसेल ती सर्व्हरच्या लॉगमध्ये जो कुणी वाचत नाही. तेव्हापासून मी दिवसातून एकदा तरी ओ-टू लावून, म्हणजे ऑप्टिमायझेशन चालू करून, बिल्ड करतेच. आणि ही वॉर्निंग कधीकधी चुकीचीही असते, नावातच ‘मेबी’ आहे, पण अशा वेळी व्हेरिएबलला सुरुवातीलाच एक विचारपूर्वक व्हॅल्यू देऊन टाकायला किती वेळ लागतो?

आता फ्लॅग्जचं, म्हणजे कंपायलरला कमांडमध्ये द्यायच्या सूचनांचं. डब्ल्यू-ऑल लावलं की सगळ्या वॉर्निंग्ज चालू झाल्या असं नावावरून कुणालाही वाटेल. तसं नाहीये. ज्या गोष्टी शंकास्पद आहेत आणि सहज टाळता येतात एवढ्यांचाच तो गट आहे, त्याच्यावर आणखी वॉर्निंग्जचा गट डब्ल्यू-एक्स्ट्रा, आणि बाहेरच्या व्हेरिएबलवर आतल्या त्याच नावाच्या व्हेरिएबलने सावली टाकली तर सांगणारी डब्ल्यू-शॅडो ह्या दोन्हींच्या बाहेर, ती वेगळी मागावी लागते. क्लँग ह्या दुसऱ्या कंपायलरमध्ये डब्ल्यू-एव्हरीथिंग आहे ते खरोखर सगळं चालू करतं, एकदा कुतूहल म्हणून लावून बघायला ठीक, रोजच्या कामाला नको.

जीसीसीचं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे जवळजवळ प्रत्येक वॉर्निंगच्या शेवटी कंसात तिचं नाव असतं. साधी गोष्ट वाटते, पण नाव असलं की तिच्याशी एकटीशी बोलता येतं. २०१३ च्या ४.८ व्हर्जनपासून तो कोडची ती ओळच छापून खाली बाणासारखी खूण करून दाखवतो, त्याआधी नुसता लाइन नंबर घेऊन शोधत बसायला लागायचं. आणि २०१६ मध्ये सहाव्या व्हर्जनला आलेली ‘मिसलीडिंग-इंडेंटेशन’ ही तर माझी लाडकी. इफला महिरपी कंस नाहीत, खाली दोन ओळी सारख्याच आत सरकवलेल्या, बघणाऱ्याला वाटतं दोन्ही इफच्या आत, प्रत्यक्षात दुसरी ओळ कायम चालते. जीसीसी आधी इफवर बोट ठेवतो की हा पुढच्या ओळीचं रक्षण करत नाही, मग त्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून सांगतो की ही फसवी आत सरकवलेली आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत आयफोन आणि मॅकमधला ‘गोटो फेल’ बग बाहेर आला तो अगदी ह्याच जातीचा होता, ‘गोटो फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडलेली आणि सुरक्षित कनेक्शनची एक महत्त्वाची तपासणी त्यामुळे सरळ वगळली जायची. ही वॉर्निंग डब्ल्यू-ऑलमध्येच आहे, वेगळं काही करायला नको.

आता लहरीपणा, तोही आहेच, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारा सांगते. एखादी वॉर्निंग बंद करायला डब्ल्यू-नो आणि पुढे तिचं नाव लिहायचं. त्या नावाचं स्पेलिंग चुकलं तर जीसीसी काहीच बोलत नाही! चालू करताना चुकलं तर लगेच सांगतो, बंद करताना चुकलं तर गप्प. मग दुसरी कुठली तरी वॉर्निंग किंवा एरर आली की तिच्याबरोबर तुमचा तो चुकलेला फ्लॅगही बाहेर पडतो, आणि माणूस आपण आत्ता केलेला बदल सोडून मेकफाइलच्या, म्हणजे बिल्डच्या सूचना लिहिलेल्या फाइलच्या, मागे लागतो. मी एकदा असाच अर्धा दिवस घालवलाय, खरी चूक एका विसरलेल्या सेमीकोलनची होती. डॉक्युमेंटेशनमध्ये ह्याचं कारण दिलंय, नवीन वॉर्निंग बंद करणारा फ्लॅग जुन्या कंपायलरवरही अडू नये म्हणून हे मुद्दाम असं ठेवलंय, कारण पटतं पण पहिल्यांदा भेटतं तेव्हा डोकं फिरतं.

दुसरा प्रकार स्विचमधल्या फॉलथ्रूचा. सातव्या व्हर्जनपासून, २०१७ मध्ये, एका केसमधून ब्रेक न देता पुढच्या केसमध्ये घसरलं तर डब्ल्यू-एक्स्ट्रा सांगतो, आणि मुद्दाम केलं असेल तर ‘फॉल थ्रू’ अशी कमेंट लिहिली की ऐकतो. हो, कमेंट वाचतो! पण क्लँग कमेंट मानत नाही, आणि कोड आधीच प्रीप्रोसेस होऊन (कंपाइल करण्याआधीची तयारी होऊन) येत असेल, तर कमेंट्स गळून पडतात आणि बंद झालेली वॉर्निंग परत उभी राहते. म्हणून कमेंटच्या भरवशावर राहू नका, सी++ भाषेच्या सी++१७ ह्या मानकापासून फॉलथ्रूचं ॲट्रिब्यूट, म्हणजे कोडमध्येच लिहायची खूण, आहे ते वापरा, सी मध्येही सी२३ ला आलंय.

मग चारशेच्या शून्य कशा केल्या? सगळ्यात मोठा फरक पडला तो बाहेरच्या लायब्ररींच्या हेडर फाइल्स साध्या इन्क्लूड पाथऐवजी आय-सिस्टिम ह्या फ्लॅगने दिल्यावर, त्यांच्या आतल्या वॉर्निंग्ज मग जीसीसी दाबून टाकतो, सीमेक ह्या बिल्ड टूलमध्ये त्यासाठी इन्क्लूड डिरेक्टरीजच्या ओळीत सिस्टिम एवढा एक शब्द लिहायचा. एका दुपारीत आमच्या तीनशेच्या वर गेल्या, कारण त्या आमच्या नव्हत्याच. उरलेल्या एकेक करून. जिथे खरोखर वॉर्निंग चुकीची आहे तिथे प्रॅग्माने, म्हणजे कोडमध्ये कंपायलरसाठी लिहिलेल्या सूचनेने, पुश, इग्नोर्ड, पॉप, तेवढ्या दोन-चार ओळींपुरती बंद आणि वर कमेंट की का बंद केली. अख्ख्या प्रोजेक्टला डब्ल्यू-नो लावायचं मी पूर्ण सोडलंय, सुक्याबरोबर ओलंही जळतं.

आणि समजल्याशिवाय तर काहीच दाबायचं नाही. डेबियन ह्या लिनक्समधल्या ओपनएसएसएल ह्या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या पॅकेजमध्ये २००६ साली हेच झालं होतं, मेमरी तपासणारी टूल्स अनइनिशियलाइज्ड मेमरीबद्दल तक्रार करत होती म्हणून कोडच्या ओळी काढल्या, आणि त्यातली एक नेमकी रँडमनेस मिसळणारी निघाली. मे २००८ मध्ये जाहीर झालं तोपर्यंत तिथे तयार झालेल्या एन्क्रिप्शनच्या चाव्या फक्त प्रोसेस आयडीवर अवलंबून होत्या, म्हणजे एका प्रकारच्या आणि एका साइझच्या चावीला साधारण ३२ हजार शक्यता, ज्या कुणीही आधीच काढून ठेवू शकतो. ही गोष्ट मी टीममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगते, कारण ओळी काढणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, त्याने आधी विचारलंही होतं.

डब्ल्यू-एरर, म्हणजे वॉर्निंगलाच एरर मानून बिल्ड थांबवणारा फ्लॅग, त्याबद्दल माझं मत ठाम आहे, सीआयवर (कोड आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या सर्व्हरवर) लावा, सोर्स दुसऱ्यांना देताना मेकफाइलमध्ये ठेवू नका. पुढचं व्हर्जन नवीन वॉर्निंग आणतं आणि बिचाऱ्या वापरणाऱ्याचा बिल्ड आपल्यामुळे पडतो. एखादी वॉर्निंग आत्ताच सोडवणं शक्य नसेल तर डब्ल्यू-नो-एरर आणि इक्वल टू करून तिचं नाव द्या, म्हणजे ती दिसत राहते पण बिल्ड अडवत नाही.

२०२४ च्या चौदाव्या व्हर्जनने जुन्या सी कोडवाल्यांना दमवलंय. डिक्लेअर न केलेलं फंक्शन वापरलं तर आतापर्यंत वॉर्निंग यायची, आता थेट एरर. सी९९ ह्या सी भाषेच्या मानकाने ही सवलत १९९९ मध्येच काढून घेतली होती, म्हणजे पंचवीस वर्षं नुसतं सांगणं चाललं होतं. ‘एफ-परमिसिव्ह’ लावून परत वॉर्निंगवर आणता येतं पण मी म्हणेन हेडर इन्क्लूड करून मोकळे व्हा.

सी++ मधल्या टेम्पलेटच्या एरर्स अजूनही पानभर येतात, त्यात सुधारणा हवी. पाचपैकी साडेचार. अर्धा त्या गप्प बसणाऱ्या डब्ल्यू-नोसाठी कापला.

काल संध्याकाळी बिल्ड मारला तर पूर्ण लॉगमध्ये एकच जांभळा शब्द चमकला, डब्ल्यू-शॅडोची वॉर्निंग, आतल्या लूपमध्ये मी परत ‘काउंट’ लिहिलेलं. नाव बदललं, परत बिल्ड मारला, स्क्रीन कोरी.