ठाण्याच्या सागवानी चाळीत सोळा महिने: वापरानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही घोडबंदर रोडवरच्या एकोणिसाव्या मजल्यावरून खारकर आळीच्या बाजूला राहायला आलो. इमारत तळमजला अधिक दोन. खांब, तुळया, जिना, गॅलरीचा कठडा सगळं सागाचं, भिंती विटांच्या, वर मंगलोरी कौलं. आमची खोली पहिल्या मजल्यावर. "लाकडी चाळीत, तेही आईला घेऊन?" असं निम्म्या नातेवाइकांनी विचारलं. कारण साधं होतं: स्टेशन चालत बारा मिनिटांवर आलं, जांभळी नाक्याचा बाजार हाकेच्या अंतरावर. पण आता दोन पावसाळे काढल्यावर लिहायचं आहे ते लाकडाबद्दल, कारण भाड्याने घर शोधताना मला कुणी हे सांगितलं नव्हतं.

आधी आवाज, कारण सगळे तेच विचारतात. वरच्या घरातलं बोलणं, टीव्ही आम्हाला जवळजवळ ऐकू येत नाही. पण कुणी टाच टेकवून चाललं की थेट छातीत धप्प होतं. असं का, हे मोरीजवळची जमीन उकलली तेव्हा सुतारकाकांनी दाखवलं. तुळईवर कड्या, म्हणजे आडवे लाकडी वासे, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर चुना-माती आणि विटांच्या तुकड्यांचा चार बोटं थर, त्यावर शहाबादी फरशी. हवेतून येणारा आवाज त्या जड थरात अडतो. पावलाचा धक्का मात्र फरशीतून कड्यांत आणि कड्यांतून आमच्या छतात उतरतो. वरच्या आजी आलं कुटायला खलबत्ता फरशीवरच ठेवायच्या. मी जाऊन सांगितल्यावर त्यांनी खाली गोणपाटाची चौपदरी घडी घातली, आणि सकाळ निम्मी शांत झाली.

आमच्याकडून खाली जाणारा त्रास मात्र मोठा होता. वॉशिंग मशीन. पिळायच्या वेळी ते फिरलं की तळमजल्यावरच्या काकूंच्या मांडणीतली भांडी वाजायची. त्या दोन महिने काही बोलल्या नाहीत, हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. मशीन आम्ही खोलीच्या मध्याजवळ ठेवलं होतं, आणि कड्या सर्वात जास्त लवतात त्या मधोमध. सुतारकाकांच्या सांगण्यावरून ते कड्या जिथे भिंतीत शिरतात त्या कडेला हलवलं, खाली जाड रबर घातलं, पिळण्याचा वेग हजारावरून सहाशेवर आणला. कपडे वाळायला अर्धा दिवस जास्त लागतो. काकूंची भांडी वाजत नाहीत. पुस्तकांचं कपाटही याच कारणासाठी भिंतीलगत गेलं.

माझा मावसभाऊ फिनलंडमध्ये युवास्कुला शहरात राहतो, तोही लाकडी इमारतीत. त्याच्या शहरात पुकुओक्का नावाची आठ मजली लाकडी इमारत २०१५ मध्ये उभी राहिली. नॉर्वेत तर म्योस्तोर्नेत हा १८ मजल्यांचा, ८५.४ मीटर उंचीचा लाकडी मनोरा २०१९ मध्ये पूर्ण झाला. तिकडचं लाकूड बहुतेक स्प्रूसचं. फळ्यांचे थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवून जाड पाट करतात आणि कारखान्यातून कापूनच आणतात. एवढं सगळं असून भावाची तक्रार आमच्यासारखीच: शेजाऱ्याचं बोलणं येत नाही, पण मुलांची धपधप येते. तिकडे पाटावर मऊ थर आणि त्यावर काँक्रीटचा कोबा घालून ती कमी करतात. जड थर हा उपाय आमच्या चुन्या-मातीचाच, फक्त खालचा मऊ थर आमच्याकडे नाही.

आता पाणी. याच्यावर मी लांबण लावणार आहे, कारण सोळा महिन्यांत झोप उडाली ती एकदाच, आणि ती मोरीमुळे.

पहिल्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, काकूंनी खाली बोलावून दाखवलं: त्यांच्या छताला, आमच्या मोरीच्या बरोबर खाली, काळपट ओल. आम्हाला वाटलं पावसाची. पाऊस थांबूनही ती वाढली, तेव्हा सुतारकाका आले. त्यांनी कडीच्या टोकाला, जिथे ती भिंतीत शिरते तिथे, साधा स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो दोन इंच आत गेला. मधल्या भागात तोच स्क्रूड्रायव्हर ओरखडासुद्धा काढू शकला नाही. साग सडत नाही ही आपली समजूत अर्धीच खरी. त्याचा तांबूस गाभा वाळवीला आणि बुरशीला दाद देत नाही, पण बाहेरचा फिकट भाग तेवढा टिकाऊ नसतो. शिवाय भिंतीत गाडलेल्या टोकाला वारा लागत नाही, ओल तिथेच कोंडते.

मूळ बांधकामात खोलीत मोरी नव्हतीच, संडास-नहाणी मागच्या अंगणात होती. नंतर कुणीतरी लाकडी पाटावर सिमेंट थापून मोरी केली. सिमेंट ताठ, लाकूड लवणारं. पाट थोडा हलला की सिमेंटला केसासारखी भेग पडते, आणि त्या भेगेतून रोज दोन-चार बादल्यांतलं वाटीभर पाणी वर्षानुवर्षं आत जातं. आम्ही मोरी पूर्ण उकलली. कुजलेलं टोक कापून त्या कडीला दोन्ही बाजूंनी नवी सागवानी पट्टी बोल्टने जोडली. टोकाभोवती भिंतीत हवेला फट ठेवली. वर पाण्याला न जुमानणारा लवचिक थर, मग फरशी. खर्च ३८,००० रुपये, निम्मा मालकांनी दिला. तीन आठवडे आम्ही काकूंच्या मोरीत आंघोळ केली. त्यांचं हे ऋण मी विसरणार नाही.

वाळवी वर आली नाही. तळमजल्यावर मात्र भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, कारण ती जमिनीतून चढते. जोत्याशी भोकं पाडून औषध सोडलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी टॉर्च घेऊन जिन्याखाली बघतो.

दारं जुलैत अडकतात. पहिल्या वर्षी मी लगेच रंधा मारून घ्यायला निघालो होतो. सुतारकाकांनी साफ नकार दिला: "पावसात तासाल तर जानेवारीत फटीतून रस्ता दिसेल." लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. मेणबत्ती घासून पावसाळा काढला. डिसेंबरात दार आपोआप मोकळं झालं.

उन्हाळा पहिल्या मजल्यावर सुसह्य, दुसऱ्या मजल्यावर कौलांखाली दुपारी बसवत नाही.

आगीची भीती मला होती आणि ती पूर्ण गेलेली नाही. जाड लाकूड वरून कोळसा होत मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर आत जळतं आणि तो कोळसाच आतल्या भागाला काही काळ राखतो, म्हणून दहा इंची खांब पटकन कोसळत नाही. पण पातळ फळ्या, कठडे आणि एकुलता एक लाकडी जिना यांना हे लागू नाही. फिनलंडच्या भावाकडे छताला पाण्याचे फवारे आहेत, आमच्याकडे नाहीत. राहायला येण्याआधी आम्ही लाकडी पट्टीतली जुनी वायरिंग सगळी काढून नवी तांब्याची घातली, जादा भार आला की वीज तोडणाऱ्या एमसीबीबरोबर वीज गळली की ती तोडणारा आरसीसीबी बसवला. जिन्याच्या तोंडाशी सहा किलोचा अग्निशामक आहे. देवापुढचं निरांजन पितळी ताटातच ठेवतो, घर सोडताना विझवतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्यातल्या वर्गवारीत आमची सी-२बीमध्ये आहे, म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-१, म्हणजे अतिधोकादायक, असेल तर भाडं कितीही कमी असो, पाऊल ठेवू नका. म्हाडाचं दुरुस्ती मंडळ मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी आहे, ठाण्याला ते नाही. इथे पैसे मालक आणि राहणारे यांनाच उभे करावे लागतात, म्हणून मालक कसा आहे हे खांबांइतकंच नीट पाहा. आमचे मालक फोन उचलतात, आणि लिव्ह अँड लायसन्सचा दुसरा अकरा महिन्यांचा करार करताना मोरीच्या गळतीची जबाबदारी लेखी घ्यायला तयार झाले.

राहिली आईची अडचण. जिना उभा आहे, पायऱ्या अरुंद, आणि तिचे गुडघे दुखतात. लाकडी पायरी काँक्रीटसारखी टाचेला ठणकत नाही असं ती म्हणते, पण तरीही ती आठवड्यातून दोनदाच खाली उतरते. तलावपाळीवर रोज जायचं ठरवून आलो होतो, ते झालेलं नाही. डिसेंबरमध्ये तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली रिकामी होते आहे आणि मालकांनी ती आम्हाला देऊ केली आहे. तिथली मोरी मी दोनदा पाहून आलो, दुसऱ्यांदा स्क्रूड्रायव्हर घेऊन. खालची जमीन कोरडी आहे, भिंतीवर नळ्या नाहीत.