सिनॉलॉजी डीएस१८२१+ : चार-पाच व्हिडिओ एडिटरांना पुरतो का?

पुरतो, पण खोक्यातून काढला तसा नाही. आठ डिस्कच्या या नॅसला (नेटवर्कवरून सगळ्यांना फाइल देणाऱ्या साठवणीच्या यंत्राला) मागे १ गिगाबिटचे चारच पोर्ट आहेत आणि तिथेच फसगत होते. नुसते चारही बॉन्ड केले, म्हणजे एकत्र जोडले, तरी एका एडिटरला एका पोर्टाचाच वेग मिळतो, सेकंदाला साधारण ११० एमबी. ४के प्रोरेस ४२२ एचक्यू या व्हिडिओ फॉरमॅटचा सेकंदाला २५ फ्रेमचा एकच ट्रॅक ९२ एमबी खातो, म्हणजे मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं फुटेज एकाच वेळी चालवणं) विसरा! पीसीआयई स्लॉटमधलं (जादा कार्ड बसवायच्या खाचेतलं) १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड आणि तसाच स्विच, हा खर्च किमतीतच धरा.

जंबो फ्रेम (नेटवर्कवरची नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) लावायच्या तर कार्ड, स्विच आणि प्रत्येक संगणक, सगळीकडे पॅकेटचा आकार ९००० बाइट. कुठे नेहमीचं १५०० राहिलं की फोल्डर उघडतं, पण फाइल अडकते. विंडोजवर पॅकेटचे तुकडे न करता ८९७२ बाइटचा पिंग द्या, लगेच कळेल.

एसएसडी कॅश (वारंवार लागणारा डेटा ठेवायला नॅसमध्ये लावलेली वेगवान डिस्क)? मोठ्या सलग फुटेजला जवळजवळ निरुपयोगी. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरची मीडिया कॅश (त्याच्या तात्पुरत्या फाइल) मात्र प्रत्येकाच्या लोकल एसएसडीवरच हवी.

डिस्क सीएमआरच (डेटाचे पट्टे वेगळे ठेवणाऱ्या) घ्या. एसएमआरवर (पट्टे एकमेकांवर चढवणाऱ्या डिस्कवर) रीबिल्ड, म्हणजे बिघडलेली डिस्क बदलल्यावर डेटा पुन्हा उभा करणं, रखडतं. ८ टीबीच्या आठ डिस्क रेड ६ मध्ये (दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा टिकवणाऱ्या मांडणीत) कागदावर ४८ टीबी देतात.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ पार जातो. रात्री एसी बंद करणाऱ्या ऑफिसात पंखा ‘क्वाएट’वर नको, ‘कूल’वर ठेवा. यूपीएस यूएसबीने नॅसला जोडा, नाहीतर वीज गेल्यावर तो वेळेत बंद होणार कसा?