आय-ट्वेंटी एन लाइन: चौदा महिने, कुंभार्ली घाट आणि ओहोटीची जेटी

दोन दारांची, बुटकी, मागे उतरत्या छपराची कूपे घ्यायची हे खूळ कॉलेजपासूनचं. टोयोटाची जीटी ८६ आली २०१२ साली. दोन लीटरचं बॉक्सर इंजिन (सिलिंडर समोरासमोर आडवे), ताकद मागच्या चाकांना. पण आपल्याकडे ती अधिकृतपणे कधी विकायलाच आली नाही. त्याआधी, १९९८च्या सुमारास, शेजारच्या गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची गाडी बनायची. बॉडी फायबरची, इंजिन रेनॉचं १.२ लीटर. खाऱ्या वाऱ्यात बॉडी न गंजणारी स्पोर्ट्स कार, म्हणजे खरी कोकणची गाडी तीच! आता शोधूनही सापडत नाही. तेव्हा आपल्या बजेटात हौस भागवायची तर पाच दारांच्या हॅचबॅककडेच यावं लागतं. मी ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन, म्हणजे साध्या आय-ट्वेंटीची जरा स्पोर्टी आवृत्ती, घेतली, सहा गियरची मॅन्युअल. चौदा महिन्यांत एकोणीस हजार किलोमीटर झाले. गुहागर-चिपळूण आठवड्यातून तीन-चारदा, महिन्यातून एकदा कुंभार्ली चढून कराड, आणि दापोलीला ताईकडे जायचं तर धोपाव्याहून फेरीबोट.

घाटापासून सुरुवात करतो, कारण पैसे तिथेच वसूल होतात. इंजिन ९९८ सीसीचं, तीन सिलिंडर, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), ताकद १२० पीएस आणि टॉर्क, म्हणजे खेच, १७२ एनएम. घाटाच्या पायथ्याची पोफळी मागे पडली की ट्रकच्या मागे अडकायचं आणि पुढचा सरळ तुकडा कधी येतो याची वाट बघायची, हा आमचा जुना शिरस्ता. या गाडीत तो तुकडा छोटा असला तरी पुरतो. दुसऱ्या गियरमध्ये इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा अडीच हजारांवर असेल तर पाय दाबला की गाडी निघते. मात्र तिसऱ्यात राहून दीड हजारावर वळणातून बाहेर पडलात, तर टर्बो जागा होईपर्यंत ट्रक पुन्हा पुढे. पहिले दोन महिने मी गाडीला दोष देत होतो. मग कळलं, चूक माझ्या डाव्या हाताची होती. वळणाच्या आधी गियर उतरवायचा, वळणात नाही.

स्टिअरिंग जड आहे, आणि मला तसंच हवं होतं. ब्रेक चारही चाकांना डिस्क. उतरताना खालच्या गियरात सोडली की ब्रेकला फार काम उरत नाही. पावसाळ्यात, धुक्यात, चिकट झालेल्या डांबरावर जरा जास्त वेगाने वळवली तर पुढची चाकं बाहेर ओढतात. ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, जीटी ८६ नाही, हे अशा वेळी आठवतं.

आता दुसरी बाजू. सस्पेन्शन साध्या आय-ट्वेंटीपेक्षा कडक. घाटात ते वरदान, पण मार्गताम्हाण्याच्या अलीकडे-पलीकडे जिथे डांबराला ठिगळं आहेत तिथे प्रत्येक ठिगळ कमरेला कळतं. आई मागे बसली की शृंगारतळीपर्यंत एक अक्षर बोलत नाही. हल्ली स्वतःची उशी घेऊनच येते. बाबा म्हणतात, "बसताना पाटावर बसल्यासारखं, आणि उठताना पाटावरून उठल्यासारखं." गुडघे दुखणारं माणूस घरात असेल तर टेस्ट ड्राइव्हला त्यांनाच न्या, स्वतः नंतर बसा.

फेरीबोटीच्या जेटीचं सविस्तर सांगायला हवं. भरतीला काही त्रास नाही. ओहोटीला गाडी उताराच्या पार खालच्या टोकापर्यंत न्यावी लागते, खाली शेवाळ, आणि तिथून बोटीच्या फळीवर चढताना नाक आधी खाली, मग एकदम वर. ग्राउंड क्लीअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची, १७० मिलीमीटर, आकडा वाईट नाही, पण घासतं ते पुढच्या बंपरचं खालचं ओठासारखं प्लास्टिक. पहिल्या खेपेला असा आवाज झाला की रांगेतले सगळे वळून बघायला लागले. बोटीवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं, "तिरकी घ्या दादा, एक चाक आधी चढू दे." तेव्हापासून तिरकीच घेतो आणि माणसं आधी उतरवतो. घासल्याची खूण अजून आहे. आता मी निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ बघतो, जी याआधी फक्त मासळीसाठी बघत होतो.

खाऱ्या हवेचा परिणाम सगळ्यात आधी डिस्कवर दिसतो. पावसाळ्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की बिडाच्या चकत्यांवर केशरी गंज चढतो. पहिल्या दोन-तीन ब्रेकला खर्रर्र आवाज येतो, मग साफ. हा दोष नव्हे, लोखंडाचा स्वभाव. खालून अँटी-रस्ट कोटिंग मी पहिल्याच महिन्यात करून घेतलं, आणि किनाऱ्यावरून आलो की गोड्या पाण्याचा पाइप चाकांच्या कमानीत धरतो. आतली सीट-मॅट सगळी काळी, लाल शिलाईची. शोरूममध्ये ऐटदार दिसतात. आमच्या अंगणातली जांभ्याची धूळ बसली की शिलाई कुठली आणि माती कुठली, ओळखा. भाताच्या कापणीनंतर उंदराने बॉनेटखालची एक वायर कुरतडली, तो खर्च वेगळा. तेव्हापासून रात्री बॉनेट उघडं ठेवतो.

मायलेज मला घाटात बारा-तेरा, हायवेला सतरा. टाकी ३७ लीटरची, त्यामुळे पंपावर फेऱ्या जास्त. डिकी ३११ लीटरची, त्यात आंब्याच्या चार पेट्या नीट बसतात. पाचवी बसवायला गेलात तर झाकण आपटतं. पेट्या आत घालायला बऱ्याच वर उचलाव्या लागतात.

साधी आय-ट्वेंटी घेतली असती तर आई खूश असती आणि पैसेही वाचले असते. पण मग कराडला मी एसटीने गेलो असतो. येत्या रविवारी ताईकडे जायचंय, ओहोटी सकाळी आहे, म्हणून दुपारची बोट धरणार.