‘रिकव्हरी रेकॉर्ड’ ॲप: घरच्यांची साथ नसेल तर कितपत कामाचं?

ॲनोरेक्सिया (वजनाच्या भीतीने खाणं टाळत जाणं), बुलिमिया (भरमसाट खाऊन उलटी वगैरे करून भरपाई करणं) किंवा बिंज ईटिंग (ताबा सुटून भरमसाट खाणं) या खाण्याच्या आजारांतून बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी बनवलेलं हे नोंदींचं ॲप. काय खाल्लं, सोबत कोण होतं, मनात काय चाललं होतं, नंतर उलटी करावीशी वाटली का, हे सगळं खाणं झाल्या झाल्या टिपायचं. रात्री आठवून लिहिलं तर दिवसभराचं चित्र मूडप्रमाणे बदलतं, म्हणून नोंद लगेच हवी. डाएटच्या ॲपसारखा कॅलरींचा हिशेब इथे नाही, आणि आमच्या मते याचं सगळ्यात मोठं मोल तेच आहे. कॅलरी मोजणारं ॲप आजाराच्या हातात काठी देतं. ते फोनमध्ये असेल तर आधी काढा, मग हे टाका.

आता घराचं. ‘नाटकं पुरे, गप जेव’ आणि ‘आता जरा भरलीस हं’ ही दोन्ही वाक्यं ज्या घरात एकाच आठवड्यात ऐकू येतात, तिथे ॲप वापरायचं तर आधी फोनची सेटिंग बदलावी लागते. लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशनचा मजकूर दिसणार नाही असं करा. ॲप होम स्क्रीनवरून हलवा आणि फोन बोटाच्या ठशाने उघडत असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाचा ठसा नोंदवलेला नाही ना, ते पाहा. जेवणाच्या आठवणीसाठी फोनचाच साधा अलार्म लावा, नाव काहीही द्या. ताटाचा फोटो चारचौघांत काढू नका. दोन शब्दांची नोंद पुरते.

अलार्म किती? सीबीटीत (विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचारात) ‘नियमित खाणं’ म्हणतात ते तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, दोन खाण्यांत सहसा चार तासांहून जास्त अंतर नाही. हे अंतर वाढलं की बिंज होण्याची शक्यता वाढते. त्यात इच्छाशक्तीचा दोष नसतो, उपाशी शरीर अन्नावरच अडकतं. 1944-45 मध्ये मिनेसोटात 36 निरोगी पुरुषांना अर्धपोटी ठेवलं, तेव्हा तेही दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले होते. गडबड होते ती बिंजनंतर: पुढचं जेवण टाळून भरपाई केली जाते आणि चक्र पुन्हा सुरू होतं. पुढचं खाणं ठरल्या वेळीच घ्यायचं. मधल्या खाण्यासाठी स्वयंपाकघरात जावं लागणार नाही असं काहीतरी खोलीत किंवा बॅगेत ठेवलं, तर निम्मे वाद होतच नाहीत.

नोंद तुम्ही निवडलेल्या थेरपिस्टला थेट दिसते, ही सोय मोलाची. घरात कुणी बघत नसलं तरी बाहेर कुणीतरी बघतंय. थेरपिस्ट नसेल तर मात्र ॲप निम्म्याहून कमी उरतं. प्रश्नही बरेच विचारतं. परफेक्शनची खोड असलेल्यांना प्रत्येक रकाना भरायची नवी सक्ती लागू शकते. सरळ गाळा. आणि जेवताना समोर बसणारं माणूस कुठलंच ॲप देत नाही. ते काम मित्राच्या व्हिडिओ कॉलवर होतं. खाणं संपल्यावरही तासभर बोलत राहा, उलटीची ओढ बहुधा त्याच वेळात जोरात असते.

घरच्यांना ॲप दाखवायचं का? आमचं मत, नको. त्यांना आजार समजावत बसण्यापेक्षा एकच मागणी करा: ‘माझ्या ताटावर आणि अंगावर बोलू नका, बाकी काहीही विचारा.’ वजनकाटा घरात असेल तर तो हलवायला सांगा. वजन डॉक्टरांकडेच, हवं तर आकडा न बघता. वय अठराच्या आत असेल तर मात्र एक तरी मोठं माणूस विश्वासात घ्यावंच लागतं: डॉक्टर, शाळेतले समुपदेशक, नात्यातलं कुणी.

ॲपच्या आवाक्याबाहेरच्याही गोष्टी आहेत. मुद्दाम उलट्या काढणं किंवा जुलाब व्हावेत म्हणून औषधं घेणं चालू असेल तर पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून रक्ततपासणी आणि ईसीजी हवेतच. उलटीनंतर लगेच ब्रश नको, नुसत्या पाण्याने चूळ भरा. आम्लाने मऊ पडलेला दातांचा थर घासला की झिजतो. बरेच दिवस जवळजवळ उपाशी असाल तर एकदम जास्त खायला सुरुवात करू नका. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येतं आणि ते जिवावर बेतू शकतं, त्यामुळे ती सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त, जीव द्यावासा वाटणं, यांपैकी काहीही झालं तर नोंद करत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.